डॉ. झाकिर हुसेन : जामियाच्या वर्गापासून राष्ट्रपती भवनापर्यंत

भारताचे तिसरे आणि पहिले मुस्लिम राष्ट्रपती म्हणून डॉ. झाकिर हुसेन यांचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं. पण या माणसाच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची वर्षं खुर्चीत नाही, एका गरीब शाळेत गेली. ती बाजू आपल्याकडे कमी सांगितली जाते, म्हणून आज त्यांची ओळख.

बालपण आणि शिक्षण

झाकिर साहेबांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत झाला. घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या कायमगंजचं. वडील फिदा हुसेन खान वकील होते. ते १९०७ मध्ये वारले आणि कुटुंब कायमगंजला परतलं. १९११ मध्ये प्लेगनं आईही गेली. इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमधून ते अलीगढच्या कॉलेजात आले.

१९२० मध्ये असहकार चळवळीची हाक आली, तेव्हा सरकारी मदतीवर चालणारं हे कॉलेज सोडणाऱ्यांमध्ये ते होते. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. पुढे ते जर्मनीला गेले आणि बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतली.

जामियाची २२ वर्षं

इकडे खिलाफत चळवळ ओसरली, पैसा आटला. जामिया बंद करावी, अशी चर्चा सुरू झाली. हकीम अजमल खान आणि गांधीजींनी ती तगवली आणि १९२५ मध्ये संस्था दिल्लीला हलली. १९२६ मध्ये झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब हे तिघे मित्र जर्मनीहून परतले ते थेट जामियात काम करायला. २९ वर्षांचे झाकिर साहेब कुलगुरू झाले.

१९२८ मध्ये त्यांनी आणि काही सहकाऱ्यांनी शपथ घेतली : २० वर्षं जामियाची सेवा करायची आणि महिना १५० रुपयांपेक्षा जास्त पगार घ्यायचा नाही. प्रत्यक्षात बऱ्याचदा तेवढाही मिळत नसे. कुलगुरू असूनही ते लहान मुलांमध्ये रमायचे. त्यांनी मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. ‘अब्बू खाँ की बकरी’ आजही वाचली जाते.

वर्ध्याशी नातं

महाराष्ट्राशी त्यांचं नातं वर्ध्याचं. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्यात शिक्षण परिषद बोलावली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन होते. हस्तोद्योगातून आणि मातृभाषेतून शिक्षण देणारी ‘नई तालीम’ योजना याच समितीनं मांडली. मुस्लिम लीगनं योजनेवर जोरदार टीका केली, पण ते मागे हटले नाहीत.

तरीही संवादाचं दार त्यांनी बंद केलं नाही. नोव्हेंबर १९४६ मध्ये देश दंगलींनी होरपळत असताना जामियाच्या रौप्यमहोत्सवाला नेहरू, मौलाना आझाद आणि जिना एकाच व्यासपीठावर आले. द्वेषाची आग विझवा, अशी कळकळीची विनंती झाकिर साहेबांनी त्यांना केली. पुढच्याच वर्षी, फाळणीच्या धामधुमीत, जालंधर स्टेशनवर ते स्वतः जमावाच्या हातून थोडक्यात वाचले.

राजकारणात

१९४८ मध्ये ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. फाळणीनंतर संशयाच्या नजरा झेलणारी ही संस्था त्यांनी १९५६ पर्यंत सांभाळली. १९५२ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. १९५७ मध्ये ते बिहारचे राज्यपाल झाले, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

१९६७ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक सोपी नव्हती. विरोधकांनी माजी सरन्यायाधीश के. सुब्बाराव यांना उभं केलं होतं. झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४ मतमूल्य मिळालं, सुब्बाराव यांना ३,६३,९७१. १३ मे १९६७ रोजी त्यांनी शपथ घेतली. सारा भारत माझं घर आणि इथली माणसं माझं कुटुंब, ही भावना त्यांनी त्या वेळी बोलून दाखवली.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपतिपदावर असतानाच त्यांचं निधन झालं. त्यांची कबर जामियाच्या आवारात आहे.

आपल्यासाठी

समाजाला नेता हवा, असं आपण नेहमी म्हणतो. झाकिर साहेबांनी मात्र आधी शाळा उभी केली, तीही पगार थकत असताना. पदं त्यांच्याकडे नंतर आली. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेकडे पाहताना हा क्रम आपण लक्षात ठेवायला हवा, असं आम्हाला वाटतं.