मूलकणांचे वस्तुमान आणि पदवी स्तरावरील अध्यापन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मूलकणांना वस्तुमान कसे प्राप्त होते, हा विषय पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे बहुधा एका उपमेच्या रूपाने येतो. विश्व काकवीसारख्या क्षेत्राने भरलेले आहे. त्यातून जाताना कण अडखळतात आणि जड होतात. ही उपमा चटकन पटते, परंतु न्यूटनच्या पहिल्या नियमाशी तिचा मेळ बसत नाही. काकवी वेगाला विरोध करते; वस्तुमान वेगातील बदलाला. काकवीत ढकललेली गोळी थांबते, निर्वातातील इलेक्ट्रॉन मात्र समान वेगाने जातच राहतो.

१९९३ मध्ये ब्रिटनचे विज्ञानमंत्री विल्यम वॉल्डग्रेव्ह यांनी हिग्ज बोसॉन म्हणजे काय, हे एका पानात समजावून सांगण्याचे आव्हान भौतिकशास्त्रज्ञांना दिले. बक्षीस होते शॅम्पेनची बाटली! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील डेव्हिड मिलर यांच्या विजेत्या उत्तरात पक्षकार्यकर्त्यांनी भरलेल्या दालनात माजी पंतप्रधान प्रवेश करतात. भोवती गर्दी जमते. त्यामुळे त्यांना थांबणे अवघड आणि थांबल्यावर पुन्हा चालू लागणेही अवघड. म्हणजे मिलर यांनी जडत्वाच्या दोन्ही बाजू सांभाळल्या होत्या. काकवीच्या उपमेत त्यांपैकी उरतो तो केवळ अडथळा.

मूळ कल्पना मात्र कोणत्याही मेजवानीतून आलेली नाही. तिचा एक महत्त्वाचा उगम अतिसंवाहकतेत आहे. अतिसंवाहक पदार्थ चुंबकीय क्षेत्र बाहेर लोटतो, हे माइस्नर व ओक्सनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखविले. क्षेत्र पृष्ठभागापासून अत्यल्प अंतरातच विरून जाते. अशा माध्यमात प्रकाशकण वस्तुमान असल्याप्रमाणे वागतो, या गोष्टीचे मूलकणांच्या दृष्टीने असलेले महत्त्व फिलिप अँडरसन यांनी १९६३ च्या निबंधात मांडले. १९६४ मध्ये ब्राऊट व आंग्लेर, हिग्ज, तसेच गुराल्निक, हेगन व किबल यांनी ही कल्पना सापेक्षतेच्या चौकटीत सिद्ध केली. हिग्ज यांचा दुसरा निबंध प्रथम नाकारला गेला होता. त्यात त्यांनी नव्या जड कणाविषयीचा मजकूर वाढविला आणि तो अन्यत्र पाठविला. त्या कणाचा शोध सर्नने ४ जुलै २०१२ रोजी जाहीर केला. ब्राऊट यांचे २०११ मध्येच निधन झाले होते. २०१३ चे नोबेल आंग्लेर व हिग्ज यांना मिळाले.

माइस्नर परिणाम पदवीच्या घनअवस्था भौतिकीत शिकविला जातोच. क्षेत्र जितक्या कमी अंतरात विरते, तितके त्याच्या कणाचे वस्तुमान अधिक, एवढा दुवा फळ्यावर जोडला की प्रोटॉनच्या सुमारे ८६ पट जड असलेल्या डब्ल्यू कणाचे बल अणुकेंद्राहूनही कमी अंतरात का संपते, हे विद्यार्थ्यास उमगते. येथे काकवीची गरज उरत नाही.

आणखी एक गैरसमज वर्गातच दूर व्हावा. प्रोटॉनचे वस्तुमान सुमारे ९३८ मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, तर त्यातील तीन क्वार्कांच्या वस्तुमानांची बेरीज जेमतेम ९. शिक्षकाच्या हातातील खडूचे बहुतांश वस्तुमान क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या प्रबल आंतरक्रियेच्या ऊर्जेतून येते; हिग्ज क्षेत्राकडे त्याचे श्रेय जात नाही.