"माझी माय कुठं असन?" : आसगावचा एक प्रश्न आणि नगरच्या मिशनमधले भांडण



मागच्या पावसाळ्यात आसगावातल्या एका मावशीने मला विहाराच्या ओट्यावर थांबवले. नवरा आजारी पडल्यापासून ती रविवारच्या प्रार्थनेला जाऊ लागली होती. दवाखान्यात पैसा संपला, नातेवाईक फिरकले नाहीत, आपले कार्यकर्ते जयंतीची वर्गणी मागायला तेवढे आले. प्रार्थनेवाले मात्र रोज घरी येऊन बसायचे. त्यामुळे ती का जाते, हे मी तिला विचारले नाही. तिनेच मला विचारले.

"पोरी, तेथचे भाऊ म्हणतेत, येशूले मानल्याशिवाय कोणालेच मुक्ती नाही. मंग माझी माय कुठं असन? छप्पन साली ते नागपूरले दीक्षा घ्यायले गेली, तवा मी तिच्या पोटात होती. तिनं त येशूचं नावच आयकलं नव्हतं."

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या प्रश्नाला ठरलेले उत्तर आहे: "धर्मांतराचा धंदा आहे, जाऊ नका." पण त्याने मावशीची झोप परत येत नाही. तिचा प्रश्न हलका नाही. ज्यू आणि ख्रिस्ती धर्मपंडित त्यावर दोन हजार वर्षे भांडत आले आहेत, आणि त्या भांडणाचा एक मोठा अंक महाराष्ट्रात, आपल्याच माणसांवरून घडला आहे. आपल्या पोरांना तो माहीत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी ज्यूंचे बघू. मुक्ती कोणाला, या प्रश्नावर पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ज्यू पंडितांत वाद होता. रब्बी एलिएझर परक्यांना परलोकात वाटा नाही असे मानत, तर रब्बी यहोशुआ म्हणत की परक्या लोकांतही सज्जन असतात आणि त्यांना वाटा आहे. पुढे यहोशुआंचे मत टिकले. म्हणजे ज्यू धर्माप्रमाणे मुक्तीसाठी ज्यू व्हावेच लागत नाही; नोहाला दिलेले सात नियम पाळले तरी पुरे. खून नको, चोरी नको, व्यभिचार नको, न्यायालये असावीत, असे ते नियम. मात्र त्यात मूर्तिपूजा नको हाही एक आहे. बाराव्या शतकात मैमोनिदेस या मोठ्या पंडिताने आणखी एक खुंटी मारली: हे नियम नुसते बुद्धीला पटले म्हणून पाळून चालणार नाही, देवाची आज्ञा म्हणून पाळले पाहिजेत. मग स्वतःच्या विवेकाने चांगला वागणारा माणूस कुठे जाणार? अठराव्या शतकात मोझेस मेंडेल्सझोन या जर्मन ज्यू विचारवंताला हाच प्रश्न टोचला होता. बुद्धाला मानणाऱ्यालाही तो टोचतो.

हे सगळे आपल्यापासून दूर वाटेल, पण मराठी बोलणारे ज्यू कोकणात शेकडो वर्षे राहत होते. बेने इस्राएल. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावे गावांवरून: दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. १८२९ मध्ये जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी मुंबईत आले. त्यांनी बेने इस्राएलांच्या मुलांना शिकवले आणि १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणही छापले. हेतू उघड होता: मूळ धर्मग्रंथ वाचता आला की हे लोक ख्रिस्ताकडे येतील. झाले उलटे. त्यांनी शाळा घेतली, हिब्रू घेतली, आणि अधिक पक्के ज्यू झाले. ख्रिस्ती होणारे अगदी थोडे निघाले. मिशनच्या शाळेचा असा उपयोग करून घेणाऱ्या या तेल्यांचे मला कौतुक वाटते.

पण थांबा. स्वर्गाचे दार परक्या सज्जनाला उघडे ठेवणाऱ्या या समाजात जमिनीवर काय होते? 'गोरा इस्राएल' आणि 'काळा इस्राएल' असे दोन भाग. ज्यांच्या वंशात बाहेरची आई आली असे मानले जाई ते काळे. त्यांच्याशी गोऱ्यांचा बेटीव्यवहार नव्हता. कोकणातली जात त्यांच्याही घरात शिरली होती. नंतर हीच माणसे इस्राएलला गेली, आणि १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने लग्नापूर्वी बेने इस्राएलांचा वंश तपासण्याचे निर्देश काढले. तुमची आजी, पणजी ज्यू होती का, सिद्ध करा! आंदोलन झाले, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेला ठराव करावा लागला की हे लोक सर्व बाबतीत ज्यूच आहेत. काल जे दुसऱ्याला काळा म्हणत होते, त्यांना आज स्वतःच्या पणजीचा दाखला मागितला गेला. जातीचा दाखला काढायला तहसीलला चकरा मारणाऱ्या आपल्या पोरांना हे चटकन कळेल.

आता ख्रिस्ती. इथे गणित उलटे आहे. पौलाने जन्माची अट काढून टाकली: ज्यू असो, ग्रीक असो, गुलाम असो, आत या. पण आत यावेच लागेल. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी चर्चबाहेर तारण नाही असे मांडले, आणि १४४२ मध्ये फ्लोरेन्सच्या धर्मपरिषदेने तेच कडक शब्दांत पक्के केले. कॅथलिक चर्चने ही भूमिका १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, बरीच सैल केली. स्वतःचा दोष नसताना ज्याला ख्रिस्त कळला नाही, पण जो सद्सद्विवेकाने जगतो, त्यालाही तारण मिळू शकते, असे मान्य केले. म्हणून "ख्रिस्ती असे म्हणतात" असे बोलताना आपण विचारले पाहिजे, कुठले ख्रिस्ती? आसगावात येणारे भाऊ जे सांगतात ते त्यांच्या मंडळीचे मत आहे. सगळ्या ख्रिस्ती जगाचे नाही.

महाराष्ट्रात मात्र सुरुवातीचे प्रोटेस्टंट मिशनरी या कडक मताचेच होते. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला आले. हॉल यांनी पुढे एका सहकाऱ्यासोबत पुस्तिका लिहिली, तिच्या नावातच ६० कोटी माणसांचा हिशेब आहे, म्हणजे ख्रिस्ताविना नाशाला चाललेले सगळे जग. त्यांची कळकळ खोटी नव्हती. १८२६ साली प्रवासात पटकीने हॉल नाशिककडे मरण पावले. पण या हिशेबात तुमचे-माझे सगळे पूर्वज नरकाच्या खात्यावर जमा होतात. आमच्या तालुक्यात पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप निघाला, तो ख्रिस्ताच्या जन्माआधीचा आहे. तो बांधणाऱ्यांचे काय करायचे?

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे मांडले. तिथे त्यांच्याकडे आले ते प्रामुख्याने महार. आणि महारवाड्यातल्या माणसाने बाप्तिस्म्याचा विचार केला की मावशीचाच प्रश्न समोर येणार: माझे आईबाप? ते तर हे न ऐकता गेले.

रॉबर्ट ह्यूम हे नगरचे मिशनरी. मुंबईतच जन्मलेले, मिशनरी आईबापांचे पोर, १८७४ पासून नगरला कामाला. १८८६ मध्ये ते सुटीवर अमेरिकेत गेले होते. तेव्हा अँडोव्हर येथील धर्मशास्त्र विद्यालयाचे प्राध्यापक एक नवे मत मांडत होते: जे ख्रिस्ताचे नाव न ऐकता मेले, त्यांना मृत्यूनंतर संधी मिळेल अशी आशा धरायला हरकत नसावी. ह्यूम यांनी तिथे या मोकळिकीच्या बाजूने भाषण केले. झाले, गदारोळ! मिशन चालवणारे अमेरिकन बोर्ड त्यांना भारतात परत पाठवायलाच तयार होईना. विरोधकांचा युक्तिवाद सरळ होता: मेल्यावर संधी मिळणार असेल तर आत्ता कोण कशाला मिशनरी पाठवेल, कोण वर्गणी देईल? ऑक्टोबर १८८६ मध्ये डे मोईन शहरात बोर्डाची वार्षिक सभा याच प्रश्नावर तापली. शेवटी ह्यूम परत आले आणि नगरला पुढे अनेक वर्षे राहिले. पण ज्यांच्या आईबापांचा निवाडा चालला होता, त्यांच्यापैकी कोणालाही त्या सभेत मत नव्हते.

ज्या वर्षांत हे भांडण चालले होते, त्याच सुमारास पुण्यात जोतीराव फुले आपले शेवटचे पुस्तक लिहीत होते. ते स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, मिशनऱ्यांचे उपकार मानणारे. पण त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्मा'त असे घर रंगवले जिथे बाई बौद्ध होईल, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका छपराखाली गोडीने राहतील. त्या घरात कोणी कोणाच्या आईला नरकात पाठवत नाही. बोर्डाचे विद्वान जिथे अडकले, ती गाठ जोतीरावांनी सोडवत न बसता बाजूला सारली.

बाबासाहेबांनी त्याच्याही पुढे जाऊन प्रश्नच बदलला. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेतले 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण काढून वाचा. तिथे मुक्ती म्हणजे माणुसकीचे जगणे, इथेच, याच देहात. त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवर एक प्रकरण आहे, तेही वाचा. त्यात ते मिशनऱ्यांच्या सेवेचे श्रेय देतात, पण चर्चमध्ये शिल्लक राहिलेल्या जातीवर बोट ठेवतात. आणि खरा घाव पुढे आहे. हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले गेले की तुझी अधोगती तुझ्या पूर्वजन्मीच्या कर्माने झाली. ख्रिस्ती झाल्यावर सांगितले गेले की ती आदिपापाने झाली. दोन्हीकडे दोष त्याचाच! ज्या समाजव्यवस्थेने त्याला चिखलात ठेवले, ती दोन्ही हिशेबांतून निर्दोष सुटते.

म्हणूनच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेब आवर्जून सांगतात की बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. हे वाक्य आपण भाषणात फेकतो, पण त्याचा अर्थ मावशीच्या प्रश्नापाशी कळतो. जो मोक्ष देतो तो नाकारूही शकतो, आणि नाकारण्यासाठी त्याला यादी ठेवावी लागते. जो फक्त मार्ग दाखवतो त्याच्याकडे यादीच नसते. यादीच नाही, तर मावशीची आई कुठल्या यादीतून वगळली जाणार?

(इथे एक ऐहिक गोष्ट सांगून टाकते. १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. बौद्धांना तो केंद्रात १९९० मध्ये मिळाला. हा ख्रिस्ती दलितांवर उघड अन्याय आहे, आणि आपण त्यांच्या बाजूने बोलले पाहिजे. "बरे झाले" म्हणणारे आपल्यातही आहेत.)

यातले बरेच मी त्या दिवशी ओट्यावर बसून मावशीला माझ्या परीने सांगितले. नगरच्या साहेबालाही हाच प्रश्न पडला होता, हे ऐकून तिला बरे वाटले. "म्हणजे मीच येडी नाही," म्हणाली. मग मी बुद्धाकडे यादी नसते ते सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. विहारात पोरे पौर्णिमेची तयारी करत होती.

"यादी नाही म्हणतेस," ती म्हणाली. "मंग माझ्या नातीचं लगन मोडलं तवा तुमचे विहारातलेच लोक बावने का लाडवन, हे काहून पुसत होते वं?"

मी काही बोलले नाही. तिने पदर सावरला आणि घरी गेली. पुढच्या रविवारी ती प्रार्थनेलाच गेली होती.