लॉरियनच्या खाणी

लॉरियन हे ग्रीसमधील अ‍ॅटिका द्वीपकल्पाच्या आग्नेय टोकावरील चांदी व शिसे यांच्या प्राचीन खाणींचे क्षेत्र होय. ते अथेन्सच्या आग्नेयेस सुमारे ६० किलोमीटरवर असून त्याच्या दक्षिणेस सुनिऑनचे भूशिर आहे. या क्षेत्रातील आजचे प्रमुख गाव लाव्रिओ या नावाने ओळखले जाते. इ.स.पू. पाचव्या शतकातील अथेन्सचे आरमार आणि चलन मुख्यतः येथील चांदीवर उभे राहिले. प्राचीन काळानंतर सुमारे अठरा शतके या खाणी पडून होत्या. एकोणिसाव्या शतकात त्या पुन्हा सुरू झाल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कायमच्या बंद पडल्या.

भूशास्त्र

लॉरियनचा प्रदेश रूपांतरित खडकांचा बनलेला आहे. तळाशी संगमरवराचा जाड थर, त्यावर सुभाजा खडकाचा थर, त्यावर पुन्हा संगमरवर, आणि या सर्वांवर एका कमी उताराच्या विभंगावरून सरकून आलेले फिलाइटी खडक अशी रचना आढळते. मायोसीन काळात, म्हणजे सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी, प्लाका या ठिकाणी ग्रॅनोडायोराइटाचे अंतर्वेशन झाले. येथील धातुकनिर्मितीचा या घडामोडींशी जवळचा संबंध आहे.

खोलवरून भेगांवाटे चढलेले धातुयुक्त उष्ण विद्राव संगमरवरातून सहज वाटचाल करत. परंतु वरचा सुभाजाचा थर त्यांना अडवत असे. अडलेल्या विद्रावांनी संगमरवर विरघळवून त्याच्या जागी धातुक निक्षेपित केले. त्यामुळे येथील धातुक प्रामुख्याने दोन खडकांच्या सांध्याशी सापडते. वरून खाली मोजता असे तीन सांधे आहेत. त्यांपैकी तळच्या संगमरवराच्या माथ्याशी असलेला तिसरा सांधा सर्वांत समृद्ध होता.

मुख्य धातुके गॅलेना (शिशाचे सल्फाइड), स्फॅलेराइट (जस्ताचे सल्फाइड) आणि पायराइट ही आहेत. पृष्ठभागाजवळ हवा व पाणी यांच्या क्रियेने गॅलेनाचे सेरुसाइटात (शिशाच्या कार्बोनेटात) रूपांतर झालेले दिसते. चांदी स्वतंत्रपणे क्वचितच आढळते. ती शिशाच्या धातुकात अल्प प्रमाणात मिसळलेली असते. त्यामुळे चांदी हवी तर आधी शिसे गाळणे भाग होते.

प्राचीन इतिहास

थोरिकोस येथील उत्खननात इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातील खाणकामाचे पुरावे मिळाले आहेत. एजियन प्रदेशातील कांस्ययुगीन वस्तूंमधील शिशाच्या समस्थानिकांच्या विश्लेषणावरूनही लॉरियनचा धातू त्या काळी दूरवर जात होता, असे दिसते.

इ.स.पू. ४८३ च्या सुमारास मरोनिया येथे समृद्ध साठा हाती लागला. हे ठिकाण बहुधा आजच्या कामारिझा परिसरात असावे. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात यातून राज्याला १०० टॅलेंट उत्पन्न झाल्याची नोंद आहे. एक अ‍ॅटिक टॅलेंट सुमारे २६ किलोग्रॅमचे असल्याने ही चांदी अडीच टनांहून अधिक भरते. हिरोडोटसच्या म्हणण्यानुसार हा पैसा प्रत्येक नागरिकाला १० द्राख्मा याप्रमाणे वाटून टाकण्याचा विचार होता. थेमिस्टोक्लीझने लोकसभेचे मन वळवून तो युद्धनौकांवर खर्च करविला. नौकांची संख्या हिरोडोटस २०० देतो, तर उपर्युक्त ग्रंथ १००. इ.स.पू. ४८० मध्ये सॅलमिसच्या लढाईत इराणी आरमाराचा पराभव झाला, त्यात या नौकांचा वाटा मोठा होता. पुढे अथीना देवीचे मस्तक व घुबड यांचे छाप असलेली, सुमारे १७ ग्रॅम वजनाची चार द्राख्मांची नाणी भूमध्य समुद्राच्या परिसरात सर्वत्र चालू लागली.

खाणकाम व धातुशोधन

प्राचीन खाणकामगारांनी या भागात शेकडो उभे कूपक खोदले. त्यांपैकी काही १०० मीटरहून खोल आहेत. धातुकाच्या मागोमाग जाणाऱ्या आडव्या बोगद्यांची उंची पुष्कळदा १ मीटरहूनही कमी असे. कामगार आडवे पडून किंवा गुडघ्यांवर बसून हातोडा व छिन्नीने खडक फोडीत. उजेडासाठी तेलाचे लहान दिवे असत.

वर आणलेले धातुक कुटून व दळून पाण्याने धुतले जाई. हलकी माती-खडी वाहून जाई आणि जड धातुकण मागे राहत. हा प्रदेश कोरडा असल्याने पावसाचे पाणी मोठ्या टाक्यांत साठवीत आणि धुलाईचे पाणी गाळून पुन्हा वापरीत. या टाक्या व धुलाईचे ओटे यांना जलरोधक गिलावा केलेला असे. त्यांतील कित्येक आजही शाबूत आहेत.

धुतलेले धातुक भट्टीत वितळवून चांदीमिश्रित शिसे मिळवीत. नंतर ते सच्छिद्र मुशीत सुमारे ९०० ते १,००० अंश सेल्सियस तापमानास हवेच्या झोतात तापवीत. त्यामुळे शिशाचे मुर्दाडशिंग बनून वेगळे होई व चांदी शिल्लक राहे. कोनोफागोस या ग्रीक धातुतज्ज्ञाच्या अंदाजानुसार प्राचीन काळात येथून सुमारे ३,५०० टन चांदी आणि १४ लाख टन शिसे निघाले. म्हणजे एक टन चांदीमागे ४०० टन शिसे गाळावे लागले. धातुमळी, टाकाऊ धातुक आणि भट्ट्यांचा विषारी धूर यांचा भार याहून वेगळा.

गुलामांचे श्रम

भूगर्भातील धातुकावर राज्याची मालकी असे. खोदण्याचा हक्क ठरावीक मुदतीसाठी नागरिकांना दिला जाई. इ.स.पू. चौथ्या शतकातील अशा पट्ट्यांच्या नोंदी कोरलेले शिलालेख अथेन्सच्या अगोरात सापडले आहेत. प्रत्यक्ष काम मुख्यतः गुलाम करीत. झेनोफनने नोंदविल्याप्रमाणे निकियास या सेनानीने आपले १,००० गुलाम सोसियास नावाच्या थ्रेसच्या रहिवाशाला दरडोई दररोज एक ओबोल, म्हणजे द्राख्माचा सहावा हिस्सा, या दराने भाड्याने दिले होते. गुलामांची संख्या कायम राखण्याची अट भाडेकरूवर होती. मेलेल्या किंवा पळालेल्या माणसाच्या जागी दुसरा माणूस उभा करणे हा व्यवहाराचाच भाग होता.

इ.स.पू. ४१३ मध्ये स्पार्टाने अ‍ॅटिकातील डेकेलिया येथे तळ ठोकल्यावर २०,००० हून अधिक गुलाम अथेन्सला सोडून गेले, असे थ्युसिडिडीझ सांगतो. त्यांत लॉरियनचे किती होते, हे तो सांगत नाही. मात्र त्यानंतर चांदीचा पुरवठा आटला आणि युद्धाच्या अखेरीस अथेन्सला तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी पाडावी लागली. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस खाणीतील गुलामांनी पहारेकऱ्यांना मारून सुनिऑनचा किल्ला ताब्यात घेतल्याचा उल्लेख आढळतो. चौथ्या शतकात खाणींना काही काळ पुन्हा बरकत आली होती. पण पुढे त्या ओसरत गेल्या. स्ट्रेबोच्या काळी खोदकाम संपले होते आणि लोक जुनी धातुमळी पुन्हा गाळीत होते.

आधुनिक काळ

एकोणिसाव्या शतकात पुन्हा मोल आले ते प्रथम या टाकाऊ ढिगाऱ्यांनाच. आंद्रेआस कोर्देलास या अभियंत्याने त्यांचा अभ्यास केला. इटालियन उद्योजक जोव्हान्नी बातिस्ता सेर्पिएरी याने १८६० च्या दशकात धातुमळी गाळण्याचा कारखाना काढला. प्राचीनांनी निकृष्ट म्हणून फेकलेल्या धातुकावर मालकी कोणाची, यावरून ग्रीस सरकार व कंपनी यांच्यात वाद झाला. १८७१ च्या कायद्याने ते राज्याचे ठरल्यावर इटली व फ्रान्स यांनी राजनैतिक दडपण आणले. १८७३ मध्ये सिंग्रोस या धनिकाच्या गटाने हा उद्योग विकत घेतल्यावर वाद मिटला. परंतु समभागांच्या सट्ट्यात अनेक सामान्य गुंतवणूकदार बुडाले. सेर्पिएरीने पुढे फ्रेंच भांडवलावर नवी कंपनी स्थापन करून शिसे, चांदी व जस्त यांचे खाणकाम चालविले. १८९६ मध्ये कामारिझाच्या कामगारांनी केलेल्या संपात रक्तपात झाला आणि सरकारने सैन्य पाठविले.

सद्यःस्थिती

फ्रेंच कंपनीच्या कारखान्याच्या आवारात आता अथेन्सच्या राष्ट्रीय तांत्रिक विद्यापीठाचे तंत्रज्ञान व संस्कृती उद्यान आहे. लॉरियन खनिजशास्त्रज्ञांच्या परिचयाचे आहे ते येथील शेकडो खनिजांमुळे. समुद्रात टाकलेल्या प्राचीन धातुमळीवर खाऱ्या पाण्याची क्रिया होऊन लॉरियोनाइटासारखी दुर्मीळ खनिजे तयार झाली. सेर्पिएराइट या खनिजाला सेर्पिएरीचे नाव दिले आहे. त्याच ढिगाऱ्यांची दुसरी बाजूही आहे. लाव्रिओ परिसरातील मातीत शिसे व आर्सेनिक यांचे प्रमाण फार मोठे आढळते, आणि खाणकाम थांबल्यानंतरच्या तपासण्यांत तेथील मुलांच्या रक्तातही शिशाचे वाढीव प्रमाण आढळले आहे. येथील चांदी कधीच बाहेर गेली. शिसे मात्र अजून येथील मातीत आहे.