एका कारकुनाचे पोलाद

वितळलेल्या बिडातून हवेचा झोत सोडून अल्पावधीत पोलाद करण्याची कृती हेन्री बेसेमर याने इ. स. १८५६ मध्ये जाहीर केली. कारखानदारांनी ती मोठ्या आशेने उचलली. परंतु अनेकांच्या हाती आले ते ठिसूळ, तडकणारे पोलाद! दोष होता खनिजातील फॉस्फरसचा. भट्टीचे अस्तर आम्लधर्मी असल्यामुळे तो काही केल्या बाहेर पडेना. युरोपातील पुष्कळसे लोहखनिज या कृतीस निरुपयोगी ठरले.

हे कोडे सोडविले ते लंडनच्या पोलीस न्यायालयातील एका कारकुनाने. सिडनी गिलख्रिस्ट टॉमस दिवसा दप्तर सांभाळी आणि रात्री रसायनशास्त्राच्या वर्गास जाई. वेल्समधील कारखान्यात रसायनज्ञ असलेल्या पर्सी गिलख्रिस्ट या नात्यातील भावाच्या साहाय्याने त्याने भट्टीस चुनखडीच्या जातीचे अस्तर दिले आणि धातूच्या रसात चुना घातला. फॉस्फरस चुन्याशी संयोग पावून मळीत उतरला. १८७९ मध्ये मिडल्सबरो येथे हा प्रयोग यशस्वी झाला. पुढे तीच मळी दळून शेतास घालू लागले. पोलादाचे विष पिकाचे अन्न ठरले.

१८८५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, आपले धन श्रमिकांच्या हितार्थ ठेवून टॉमस निवर्तला. तपासनीस तयार मालातला तडा शोधतो. टॉमसने तो उत्पन्नच होऊ दिला नाही. फायलींच्या ढिगाआड संध्याकाळची वाट पाहणाऱ्या आपणा मंडळींनी हा व्यवसायबंधू विसरू नये.