सरडा सुपर्बा

सह्याद्रीच्या उघड्या सड्यांवर राहणारा, जमिनीवरच वावरणारा सरडा. कुल ॲगॅमिडी. व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ व सहकाऱ्यांनी २०१६ साली ‘सरडा’ ही नवी प्रजाती मांडली. तिच्यातली ही जाती साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरची. डार्विनी आणि डेक्कनेन्सिस या तिच्या बहीणजाती.

कोल्हापूरकडे, कळंब्याच्या कुंपणांवर नि झाडांवर मान हलवताना दिसतो तो बागेतला सरडा (कॅलोटिस) याच कुलातला. विणीच्या हंगामात त्याच्या नराचे डोके व गळा लालभडक होतात. चाहूल लागताच तो खोडाच्या पलीकडच्या अंगाला सरकतो. सुपर्बाला हा आडोसा मिळत नाही. सड्यावर खुरटे गवत, जांभा आणि वर मोकळे आभाळ, एवढेच.

अंगाने तो मातकट तपकिरी, पाठीवर गडद नक्षी. बसला तर दगडापासून वेगळा ओळखू येत नाही. मागच्या पायांना चारच बोटे. नराचा खरा डौल गळ्याच्या पंख्यात. पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात, नर एखाद्या उंचशा दगडावर चढतो, पुढचे पाय ताठ करतो आणि पंखा उघडमीट करू लागतो. निळ्या भागाला धातूची झळाळी असते, तिला लागून काळा पट्टा, मागे केशरी. पंखा मिटला की सगळा रंग घडीत जातो. मादीला असा पंखा नसतो.

प्रतिस्पर्ध्याला आणि मादीला दिसावा म्हणून असलेला हा रंग शिकारी पक्ष्यालाही दिसतो, म्हणून सुपर्बाचा बचाव मुख्यतः सावधपणावर चालतो. आधी स्तब्ध राहणे, धोका जवळ आला की धूम ठोकून दगडाच्या फटीत किंवा झुडपात शिरणे. माणूस संथ चालत जवळ जाऊ लागला की सरडा किती अंतरावर पळतो, यावरून त्याची भीती मोजतात.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांनी हे गणित बदलले. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात तिसा, कापशी यांसारखे शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले आणि सरड्यांची दाटी वाढलेली. तिथले सरडे माणसाला खूपच जवळ येऊ देत. त्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरकही कमी होते. मात्र या निर्धास्तपणाला सुबत्ता म्हणता येत नाही. दाटीमुळे अन्नासाठी स्पर्धा वाढते. तिथले सरडे अंगाने रोडावलेले आणि नरांच्या पंख्याचे रंग फिके होते. पवनऊर्जा स्वच्छ खरी, पण सडा म्हणजे पडीक जमीन हा समज या नोंदींपुढे टिकत नाही. पठारावर प्रकल्प आखताना आभाळातल्या पक्ष्यांइतकीच दगडाखालच्या जिवांचीही मोजदाद आधी व्हायला हवी.