दिंडोशी परिसरातील बिबट्या : सामाजिक वर्तन आणि वनधोरणाचा इतिहास

प्रस्तावना

मुंबई उपनगरातील दिंडोशी हा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व आरे दुग्ध वसाहत यांच्या लगत वसलेला आहे. सुमारे १०४ चौ. कि.मी. क्षेत्राच्या या उद्यानातील प्रमुख शिकारी प्राणी बिबट्या होय. त्याच्या सामाजिक वर्तनाकडे झालेल्या दुर्लक्षाचे मानवी जीवितावर कोणते परिणाम झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सामाजिक वर्तन

गीरच्या सिंहिणी पिलांसह कळपाने राहतात. बिबट्या एकटा वावरतो. परंतु तो समाजहीन नाही. मूत्र, विष्ठा व झाडांवरील ओरखडे यांच्या साहाय्याने तो आपली हद्द राखतो. एका नराच्या हद्दीत अनेक माद्यांच्या हद्दी येऊ शकतात. पिले सुमारे दीड ते दोन वर्षे आईजवळ राहतात. प्रौढ बिबट्या हलविल्यास त्याची जागा दुसरा बिबट्या घेतो; हलविलेला प्राणी मात्र अनोळखी प्रदेशात भरकटतो.

धोरणाचा इतिहास

बिबट्या दिसताच पिंजरा लावून त्याला अन्यत्र सोडण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. जून २००४ मध्ये उद्यानाच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत अनेकांचे बळी गेले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जुन्नर परिसराच्या अभ्यासानुसार, स्थलांतरानंतर हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेली. म्हणजे ज्या उपायाने संघर्ष मिटावा, त्यानेच तो वाढला. २०११ पासून वनविभागाने नागरिकांच्या सहभागातून जनजागृतीवर भर दिला. कॅमेरा-सापळ्यांच्या पाहणीत २०१५ मध्ये ३५, तर २०१८ मध्ये ४७ बिबटे नोंदले गेले. संख्या वाढली तरी २००४ सारखी परिस्थिती पुन्हा उद्भवली नाही. तथापि २०२१ मध्ये आरेत हल्ले झाले आणि २०२२ मध्ये तेथे एका बालिकेचा मृत्यू झाला, हे विसरता येत नाही.

निष्कर्ष

आरेतील वारली पाड्यांवर वाघोबाची पूजा होते. हिंस्र प्राण्याला शेजारी मानून अंतर राखण्याची ही जुनी रीत आहे. उघड्यावरचा कचरा भटकी कुत्री पोसतो आणि कुत्री बिबट्याला वस्तीकडे ओढतात. तेव्हा कचऱ्याची विल्हेवाट, रस्त्यावरील दिवे व घराजवळील शौचालये हीदेखील वनधोरणाचीच अंगे ठरतात. त्यांच्या अभावाची किंमत पाड्यांवरील व झोपडवस्तीतील मुलांना मोजावी लागते.