शेण कुणाचे, गॅस कुणाचा?

वऱ्हाडातल्या चुलीला पऱ्हाट्या आणि गोवऱ्या यांची सोबत पिढ्यान्‌पिढ्यांची. शेणातून जळणारा वायू निघतो, ही गोष्ट मात्र खेड्यात उशिरा पोचली. आपल्या महाराष्ट्रात तिची सुरुवात झाली ती मुंबईत, माटुंग्याच्या महारोगी आश्रमात. तेथे १८९७ साली मैल्यापासून वायू तयार करून दिवे लावले गेले. समाजाने ज्यांना दूर ठेवले होते, त्यांच्या वस्तीत हा उजेड आधी पडला.

पुढे १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात तरंगत्या झाकणाची टाकी तयार केली आणि तिला ‘ग्रामलक्ष्मी’ असे नाव दिले. खादी ग्रामोद्योग आयोगाने ती उचलून धरली. १९८१-८२ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय योजना आली आणि अनुदानामुळे घरोघरी टाक्या दिसू लागल्या.

पण घरोघरी म्हणजे कुणाच्या घरी? दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. म्हणजे दावणीला चार-पाच गुरे हवीत. ज्याच्याकडे एक शेळी आहे, त्याने काय करायचे? शिवाय वाटेवरचे शेण वेचून गोवऱ्या थापणाऱ्या बाईचे जळणही या टाकीत जाऊ लागले. शेणाला मोल आले आणि ती रिकाम्या हाताने उरली.

म्हणून साऱ्या गावाची मिळून एक टाकी, ही कल्पना पुढे आली. उत्तर प्रदेशात इटावा जिल्ह्यातल्या फतेहसिंह का पुरवा या गावी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तसा प्रयोग झाला. काही काळाने शेण कमी पडू लागले. गॅस ठरावीक वेळी यायचा आणि शेतावर जाणाऱ्या बायांना ती वेळ सोयीची नसे. टाकी चांगली होती, पण देण्याघेण्याचा हिशेब जमला नाही.

कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातील पुरा गावातही आधी स्वयंपाकाचा गॅस देण्याचाच बेत होता. तेवढे शेण गावात नव्हते. तेव्हा बंगळूरच्या विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाची निकड पाहिली. १९८७ पासून त्या गॅसवर, थोड्या डिझेलच्या जोडीने, इंजिन चालू लागले. घरात दिवे लागले आणि नळाला पाणी आले. आणलेले शेण तोलून घेतले जाई, आणणाऱ्या बाईला किलोमागे पैसे मिळत आणि उरलेली स्लरी ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे खत म्हणून परत जाई. हा कारभार बरीच वर्षे चालला.

सौरऊर्जेलाही हाच नियम लागू पडतो. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील दरेवाडी या आदिवासी वाडीत २०१२ साली सुमारे चाळीस घरांसाठी सौर वीजकेंद्र उभे राहिले. घरोघरी मीटर बसले आणि वसुलीचे काम गावाच्याच विश्वस्त मंडळाकडे आले.

आता आपल्याकडे पाहू. टाकीत जेवढे शेण, जवळजवळ तेवढेच पाणी घालावे लागते. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात पिण्याच्या गोड पाण्याचीच वानवा. तिथे पाण्याचा हिशेब शेणाच्याही आधी मांडावा लागेल. मेळघाटातल्या वाडीचे गणित वेगळे, अकोटच्या बागायती गावाचे वेगळे. सरसकट एकच टाकी सगळीकडे चालणार नाही.

वऱ्हाडी शेतकऱ्याला हे नवे नाही. जिनिंगच्या काट्यावर कापसाची गाडी लावताना आधी काटा पाहायचा, मग भाव विचारायचा, हे तो जाणतो. गावाच्या टाकीचा किंवा सौर पॅनेलचा प्रस्ताव ग्रामसभेत आला, की असेच विचारावे : मोजणार कोण, दुरुस्तीचा पैसा कुठे जमा होणार, आणि ज्याच्या दावणीला गुरे नाहीत त्याच्या घरात काय येणार? याची उत्तरे ठरावात लिहून घ्यावीत. बांधकाम त्यानंतर सुरू करावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)